दार न उघडणारे दोस्त

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की नेकनूर लागतं. गाव बालाघाटाच्या पठारावरचं. हीच वाट उलट्या दिशेने धरली आणि मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड असं मावळतीकडे गेलं, तर पुढे खर्ड्याचा भुईकोट येतो. या पट्ट्याची नदी मांजरा. तिचा उगम पाटोदा तालुक्यात, आणि तिथून ती पूर्वेकडे बीदरच्या अंगाला वाहत जाते. १७९५ च्या सुरुवातीला हैदराबादच्या निजाम अली खानाची फौज बीदरहून निघाली ती याच मांजरेच्या काठाने वर चढत आली. पुण्याहून पेशव्यांची फौज निघाली होती. मोहरीच्या घाटाने निजाम खाली उतरला आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ दोघांची गाठ पडली.

मराठ्यांच्या इतिहासात या लढाईला मोठा मान आहे. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन हे सगळे पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र उभे राहिले तो हा शेवटचा प्रसंग. शाळेत आपण तो तसाच शिकतो. मला मात्र या प्रकरणात त्या तिसऱ्या पक्षाबद्दल लिहायचं आहे, जो रणात उतरलाच नाही. निजामाचा दोस्त म्हणवणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन पलटणी त्याच्याच पदरी होत्या. त्यांचा खर्च निजाम देत होता. पण या लढाईत त्या पलटणींनी एक गोळी झाडली नाही. कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने हुकूम दिला होता की मराठे आणि निजाम यांच्या भांडणात कंपनी तटस्थ राहील.

नेमक्या याच वर्षांत पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला फिलाडेल्फिया शहरात जॉर्ज वॉशिंग्टन त्याच प्रश्नाशी झुंजत होता. जुन्या दोस्ताचं युद्ध सुरू झालं आहे, करार आपल्या सहीचा आहे, आणि आपल्याला लढायचं नाही. शोअर आणि वॉशिंग्टन एकमेकांना भेटले नाहीत. तरी त्यांचे निर्णय शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत, आणि ते पाहायला खर्ड्याच्या परिसरासारखी जागा नाही. कारण तटस्थतेचा इतिहास बहुधा तटस्थ राहणाऱ्याच्या बाजूने लिहिला जातो. बीड, पाटोदा, केज हा मुलूख तेव्हा निजामाचा होता. म्हणजे ज्याला दोस्ताने वाऱ्यावर सोडलं, त्याच्या बाजूचा.

वॉशिंग्टनची अडचण आधी समजून घेऊ. फ्रान्सने अमेरिकेशी मैत्रीचा करार केला तो ६ फेब्रुवारी १७७८ रोजी, अमेरिका इंग्लंडविरुद्ध लढत होती तेव्हा. फ्रेंच पैसा, फ्रेंच पलटणी आणि फ्रेंच आरमार नसतं तर १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला इंग्रजांनी शस्त्रं टाकली नसती. तिथे शरण आलेल्या इंग्रज सेनापतीचं नाव लॉर्ड कॉर्नवॉलिस. पाचच वर्षांनी तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. या प्रकरणात त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

१७७८ च्या करारात एक कलम असं होतं की कॅरिबियन समुद्रातल्या फ्रान्सच्या बेटांची हमी अमेरिकेने घ्यायची. पंधरा वर्षं या कलमाची कुणाला आठवण करावी लागली नाही. मग पॅरिसमध्ये क्रांती झाली, २१ जानेवारी १७९३ ला सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला आणि १ फेब्रुवारीला फ्रान्सने इंग्लंड व हॉलंड यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं. ही बातमी वॉशिंग्टनला एप्रिलमध्ये मिळाली. त्याने १८ एप्रिलला आपल्या मंत्र्यांना तेरा प्रश्न लिहून पाठवले. तटस्थतेची घोषणा करावी का? फ्रान्सच्या नव्या प्रजासत्ताकाचा वकील स्वीकारावा का? राजाशी केलेला करार राजा मेल्यावर बांधून ठेवतो का?

या शेवटच्या प्रश्नावर दोन मंत्र्यांत जुंपली. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनचं म्हणणं होतं की करार राजाशी होता, तो निदान स्थगित धरावा. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन म्हणाला की करार दोन देशांत होतात, सिंहासनावर कोण आहे यावर ते ठरत नाहीत. मला यात जेफर्सनची बाजू न्यायाला धरून वाटते. पण हॅमिल्टन तिजोरी पाहत होता आणि तिजोरीचं सत्य त्याच्या बाजूने होतं. नव्या सरकारचं बहुतेक उत्पन्न आयातीवरच्या जकातीतून येत होतं, आणि तो माल मुख्यतः इंग्लंडचा होता. इंग्लंडशी युद्ध म्हणजे स्वतःच्या तिजोरीला कुलूप. देशाला आरमारच नव्हतं. सहा लढाऊ जहाजं बांधायचा कायदा झाला तो १७९४ साली. जमिनीवरच्या फौजेची अवस्था अशी की १७९१ च्या नोव्हेंबरात पश्चिम सरहद्दीवर मूळ रहिवाशांच्या जमातींनी तिचा साफ धुव्वा उडवून सहाशेवर माणसं मारली होती. १७९० च्या शिरगणतीत साऱ्या देशाची लोकसंख्या चाळीस लाखही भरली नव्हती.

वॉशिंग्टनने करार मोडला नाही आणि पाळलाही नाही. फ्रान्सचा वकील स्वीकारायचा, करार रद्द झाला असं म्हणायचं नाही, पण लढायचंही नाही, अशी मधली वाट त्याने काढली. २२ एप्रिल १७९३ ची त्याची घोषणा अगदी छोटी आहे. लढणाऱ्या दोन्ही पक्षांशी अमेरिका मैत्रीने आणि निःपक्षपातीपणे वागेल, आणि जो नागरिक कुणाच्या बाजूने शस्त्र धरेल किंवा युद्धसामग्री नेईल त्याला सरकारचं संरक्षण मिळणार नाही, एवढाच तिचा मथितार्थ.

घोषणा करणं सोपं होतं. ती पाळून घेणं फार कठीण गेलं. फ्रान्सचा नवा वकील एदमों जने दोनच आठवडे आधी, ८ एप्रिलला, चार्ल्सटन बंदरात उतरला होता. फिलाडेल्फियाला येऊन राष्ट्राध्यक्षांना भेटण्याआधीच तो अमेरिकी बंदरांतून फ्रेंच परवान्याची लुटारू जहाजं सजवू लागला. वाटेत गावोगाव त्याच्या सन्मानाच्या मेजवान्या झाल्या. लोकांचं मन फ्रान्सच्या बाजूने होतं आणि त्यात नवल काहीच नव्हतं. कालपरवाचं स्वातंत्र्य त्या दोस्तीतून आलेलं. गिडियन हेनफिल्ड नावाच्या अमेरिकी खलाशावर अशाच फ्रेंच जहाजावर काम केल्याबद्दल खटला भरला, तर जूरीने त्याला निर्दोष सोडलं. घोषणेमागे कायदा नाही हे त्यातून उघडं पडलं. तो कायदा ५ जून १७९४ ला झाला, घोषणेनंतर वर्षाने. दरम्यान फिलाडेल्फियात पकडून आणलेल्या एका इंग्रज जहाजावर तोफा चढवून जनेने ते समुद्रात धाडलं. न धाडण्याची विनंती केली असतानाही. तेव्हा त्याचा जिवलग पाठीराखा जेफर्सनसुद्धा त्याला कंटाळला आणि सरकारने त्याला परत बोलवा असं पॅरिसला कळवलं. तोवर पॅरिसमध्ये जनेचा पक्ष पडला होता आणि परत जाणं म्हणजे गिलोटिन. वॉशिंग्टनने त्याला आश्रय दिला. पुढे तो न्यूयॉर्ककडे शेती करून राहिला. ज्या माणसाने एवढा ताप दिला त्याला मारेकऱ्यांच्या हाती न देणं, ही गोष्ट मला वॉशिंग्टनच्या सगळ्या घोषणांपेक्षा मोठी वाटते.

इंग्रजांनी तर तटस्थतेचं मोल वेगळ्याच रीतीने वसूल केलं. फ्रेंच बेटांशी व्यापार करणारी अडीचशेवर अमेरिकी जहाजं त्यांच्या आरमाराने कॅरिबियनमध्ये धरली, आणि खलाशांना उतरवून स्वतःच्या जहाजांवर जुंपलं. युद्ध टाळायला वॉशिंग्टनने सरन्यायाधीश जॉन जे याला लंडनला पाठवलं. १९ नोव्हेंबर १७९४ ला त्याने केलेला करार अमेरिकेत एवढा नकोसा झाला की गावोगाव जेचे पुतळे जाळले गेले. सिनेटमध्ये तो २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे लागणाऱ्या दोन तृतीयांशाच्या नेमक्या काठावर मंजूर झाला.

त्या कराराचं तेरावं कलम आपल्याकडे येऊन पोचतं. त्याने अमेरिकी जहाजांना हिंदुस्थानातल्या इंग्रजी बंदरांत व्यापाराची मुभा मिळाली. तटस्थ देशाची जहाजं युद्धकाळात सगळीकडे जाऊ शकतात, हा तटस्थतेचा रोकडा फायदा होता. खुद्द वॉशिंग्टनने १७९२ च्या नोव्हेंबरात बेंजामिन जॉय याला कलकत्त्याचा पहिला अमेरिकी वकील नेमलं होतं. तो १७९४ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला पोचला. कंपनी सरकारने त्याला वकील म्हणून मान्यता दिली नाही. व्यापारी अडत्या म्हणून राहा, म्हटलं. त्या सरकारचा प्रमुख होता सर जॉन शोअर. आणि त्याच्या टेबलावर त्या दिवसांत हैदराबादहून येणारी पत्रं साठत होती.

आता खर्ड्याकडे वळू.

१७९० साली म्हैसूरच्या टिपूविरुद्ध कंपनी, पेशवे आणि निजाम यांची त्रिकूट युती झाली. ती जमवली यॉर्कटाउनच्या कॉर्नवॉलिसने. १७९२ च्या मार्चमध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला, टिपूचा अर्धा मुलूख तिघांनी वाटून घेतला आणि युतीचं काम संपलं. मग मराठ्यांची निजामाकडची जुनी बाकी वर आली. चौथ आणि सरदेशमुखीची ती थकबाकी पुण्याच्या हिशेबाने अडीच कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. निजामाला पुढचं दिसत होतं, म्हणून तो कॉर्नवॉलिसला विनवत होता की तिघांनी एकमेकांच्या मुलखाची हमी घेण्याचा पक्का तह करू. निजाम तयार होता, पण पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीसांनी नकार दिला. नानांच्या दृष्टीने तो बरोबरच होता. अशी हमी म्हणजे निजामाकडून येणं वसूल करण्याचा मार्ग कायमचा बंद.

१७९३ च्या ऑक्टोबरात कॉर्नवॉलिस परत गेला आणि शोअर आला. १७९४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंदे वारले. निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क याला वाटलं की मराठ्यांचा कणा मोडला. भर दरबारात त्याने मराठ्यांचा वकील गोविंदराव काळे याला सुनावलं की हिशेब समजावून द्यायला स्वतः नानांनी इथे यावं. नाना कामात आहेत, ते कसे येतील, असं उत्तर मिळालं तेव्हा त्याने त्यांना कसं आणायचं ते दाखवतो अशी भाषा केली. निजामाच्या या तोऱ्यामागे दोन आधार होते. एक म्हणजे मिशेल रेमों या फ्रेंच सरदाराने कवायतीत तयार केलेल्या दहा हजारांवर शिपायांच्या पलटणी. दुसरा आधार इंग्रजांच्या दोस्तीचा.

दुसरा आधार कागदावर किती पक्का होता? हे नीट पाहिलं पाहिजे, कारण शोअरवर पुढे विश्वासघाताचा आरोप झाला. कंपनीच्या ज्या दोन पलटणी निजामाकडे होत्या, त्यांच्याबद्दल कॉर्नवॉलिसने जुलै १७८९ मध्ये निजामाला एक पत्र लिहिलं होतं. पलटणी हव्या तेव्हा वापरा, पण कंपनीच्या मित्रांविरुद्ध वापरू नका, असं त्यात होतं, आणि त्या मित्रांत पेशवे, शिंदे, भोसले यांची नावं होती. म्हणजे खर्ड्यावर त्या पलटणी न लढवणं शब्दाला धरूनच होतं. दुसरं, इंग्लंडच्या पार्लमेंटने १७८४ च्या आणि पुन्हा १७९३ च्या कायद्यात हिंदुस्थानात मुलूख वाढवणं आणि विजयाचे बेत आखणं हे इंग्रज राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध, अब्रूविरुद्ध आणि धोरणाविरुद्ध आहे असं नमूद केलं होतं. लंडनच्या परवानगीशिवाय गव्हर्नर जनरलला युद्ध पुकारता येत नव्हतं की कुणाच्या मुलखाची हमी देता येत नव्हती. तिसरी भीती अशी की कंपनी निजामाच्या बाजूने उतरली तर मराठे आणि टिपू एक होतील. त्यात युरोपात फ्रान्सशी युद्ध पेटलेलं.

शोअरचा युक्तिवाद असा झाला की तीन दोस्तांपैकी दोघे एकमेकांवर उठले तर तिसऱ्याने एकाच्या बाजूने लढायचं हे कुठल्याच करारात लिहिलेलं नाही. कायद्याच्या भाषेत तो चुकत नव्हता. पण निजामाला त्याने हे वेळीच आणि ठणकावून कळवायला हवं होतं. कलकत्त्याहून येणाऱ्या शब्दांत मध्यस्थीची तयारी होती, मैत्रीचा गोडवा होता. निजामाने त्यातून हवा तो अर्थ काढला आणि बीदरहून पुढे पाऊल टाकलं. तटस्थ राहणाऱ्याने दोस्ताला खोटी आशा लागू देणं, हा शोअरचा दोष मला त्याच्या निर्णयापेक्षा मोठा वाटतो. वॉशिंग्टनने युद्धाची बातमी कळल्यावर काही दिवसांतच जाहीर करून टाकलं होतं की आम्ही लढणार नाही. फ्रान्स रागावला, पण फसला नाही.

खर्ड्यावर दोन्ही बाजूंचं मिळून दोन लाखांवर माणूस जमलं होतं असा मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचा अंदाज आहे. मराठ्यांचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. सुरुवातीच्या चकमकीत निजामाकडच्या पठाण स्वारांनी त्यांना गाठून जखमी केलं. मग शिंद्यांच्या तोफा आणि पेरोंच्या पलटणी, भोसल्यांचे बाणदार यांनी निजामाची घोडदळं मागे रेटली. या लढाईतली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही कवायती फौजांचे म्होरके फ्रेंच होते. निजामाकडे रेमों, शिंद्यांकडे पेरों. रेमोंच्या पलटणी टिकून लढत होत्या. पण निजामाने माघारीचा हुकूम दिला. त्याचा जनाना बरोबर होता, तोफांच्या आवाजाने बेगमा घाबरल्या होत्या आणि त्यांच्या हट्टापुढे त्याचं चाललं नाही असं तेव्हापासून सांगितलं जातं. रात्री ओढ्यावर घोड्यांना पाणी पाजायला आलेल्या मराठ्यांच्या एका छोट्या टोळीवरून चकमक उडाली, अंधारात गोळीबार पसरत गेला आणि निजामाच्या छावणीत पळापळ झाली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. किल्ला लहान. मार्चमधला बालाघाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना पाण्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. दोन दिवसांत त्याने तहाची बोलणी लावली.

प्रत्यक्ष लढाईत मेलेले थोडेच. तह मात्र जबर होता. परांड्यापासून उत्तरेला तापीपर्यंतच्या सरहद्दीवरचा सुमारे पस्तीस लाख उत्पन्नाचा मुलूख, त्यात दौलताबादचा किल्ला, शिवाय तीन कोटी रुपये, आणि सगळ्यात अपमानाचं म्हणजे दिवाण मुशीर-उल्-मुल्क ओलीस म्हणून मराठ्यांच्या ताब्यात. वीस वर्षांचे पेशवे सवाई माधवराव या विजयानंतर खिन्न दिसले असं ग्रँट डफ लिहितो. इतक्या सहज मिळालेल्या जयाची आपली माणसं एवढी बढाई मारतात आणि समोरचे इतक्या लाजिरवाण्या रीतीने शरण येतात, याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

खर्ड्याच्या सात महिने आधी अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर घडलेला एक प्रसंग इथे सांगितलाच पाहिजे. युरोपच्या युद्धात निःपक्षपाती राहणारा वॉशिंग्टन ओहायो नदीपलीकडच्या मूळ रहिवाशांशी मात्र लढत होता. त्यांची जमीन त्याला हवी होती. १७९१ चा पराभव धुऊन काढायला त्याने अँथनी वेन या सेनापतीला पाठवलं. शॉनी, मायामी, डेलावेर अशा जमातींच्या जुटीला इंग्रजांचा पाठिंबा होता. बंदुका, दारूगोळा, धान्य इंग्रजांकडून येत होतं. त्यांच्या भरवशासाठी इंग्रजांनी अमेरिकेच्या हद्दीत मौमी नदीवर फोर्ट मायामीज नावाचा नवा किल्लाही बांधला होता. २० ऑगस्ट १७९४ ला वादळाने उन्मळून पडलेल्या झाडांच्या जंगलात लढाई झाली. इतिहासात ती फॉलन टिंबर्सची लढाई म्हणून ओळखली जाते. तासाभरात जमातींचे लढवय्ये मागे हटले आणि जवळच्या इंग्रज किल्ल्याकडे धावले. किल्ल्याचा अधिकारी मेजर विल्यम कॅम्पबेल याने दार उघडलं नाही. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध नव्हतं, आणि ते आपल्या हातून सुरू व्हायला नको होतं. वेन किल्ल्याच्या तटापर्यंत येऊन गेला. दोघांनी एकमेकांना कडक भाषेतली पत्रं पाठवली. गोळी कुणीच झाडली नाही. मग वेनने आसपासची मक्याची उभी शेतं जाळली.

कॅम्पबेलचं वागणं कायद्याने योग्यच होतं, जसं शोअरचं होतं. एका अविचाराने मोठं युद्ध पेटलं असतं, हेही खरं. पण बंद दाराबाहेर उभ्या राहिलेल्या शॉनी माणसाने त्या दिवशी इंग्रजांच्या मैत्रीबद्दल जे ओळखलं, तेच निजाम अली खानाने खर्ड्याच्या किल्ल्यात ओळखलं. पुढच्या वर्षी, ३ ऑगस्ट १७९५ ला, ग्रीनव्हिलच्या तहाने त्या जमातींनी आजच्या ओहायो राज्याचा बराचसा भाग सोडून दिला. वॉशिंग्टनच्या तटस्थतेच्या गौरवात हा तह सहसा बसवला जात नाही. मला तो वेगळा काढता येत नाही. युरोपशी शांतता ठेवल्यामुळेच त्याचे हात पश्चिमेला मोकळे राहिले.

खर्ड्यानंतर निजामाने पहिलं काम केलं ते कंपनीच्या दोन्ही पलटणींना निरोप देण्याचं. लढायच्याच नसतील तर पोसायच्या कशाला? रेमोंची फौज त्याने आणखी वाढवली. शोअर ज्या फ्रेंच प्रभावाला भीत होता, तो त्याच्या तटस्थतेमुळेच हैदराबादेत बळावला. तेवढ्यात १७९५ च्या उन्हाळ्यात निजामाचा मुलगा आलीजाह याने बंड केलं आणि घाबरलेल्या निजामाने इंग्रज पलटणी पुन्हा बोलावल्या. पण बंड मोडलं ते त्या पोचण्याआधी, रेमोंने. जॉन माल्कमने १८११ साली लिहिलेल्या हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासात शोअरच्या या धोरणावर कडक टीका केली आणि पुढचे बहुतेक इंग्रज लेखक तीच ओढत गेले. त्यांचा राग समजून घेताना एवढं ध्यानात ठेवावं की माल्कम मुलूख जिंकणाऱ्यांच्या पिढीतला होता. शोअर लढला नाही याचं त्याला दुःख होतं, निजाम बुडाला याचं नव्हे.

शोअरच्या तटस्थतेचा खरा लाभ पुण्याला झाला होता. इंग्रज बाजूला, निजाम गुडघ्यावर, टिपू अर्धा झालेला. अशी मोकळीक मराठ्यांना पुन्हा मिळायची नव्हती. वॉशिंग्टनला जी मोकळीक मिळाली ती त्याने देशाची घडी बसवण्यात घातली. १७९६ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या निरोपाच्या पत्रात त्याने लिहिलं की आपल्याला मुख्यतः वेळ हवा होता, देशाच्या संस्था रुजायला वेळ. पुण्यात काय झालं? तहानंतर सात महिन्यांनी, २७ ऑक्टोबर १७९५ ला, शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून झालेल्या दुखापतीने सवाई माधवराव गेले. गादी कुणाची यावरून नाना, दौलतराव शिंदे, परशुरामभाऊ आणि बाजीराव यांची जी चढाओढ लागली तिच्यात नानांना महाडला पळावं लागलं. परत येण्यासाठी त्यांना मदत हवी होती. मदत कुणाची घेतली? पुण्यात ओलीस असलेल्या मुशीर-उल्-मुल्कची. १७९६ च्या ऑक्टोबरात महाडला करार झाला आणि खर्ड्यावर मिळवलेलं बहुतेक सगळं परत देण्याचं कबूल केलं गेलं. लढाईला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. मराठी माणसाने खर्ड्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण महाडचं पान उलटून पुढे जाऊ नये.

१७९८ मध्ये शोअर गेला आणि वेलस्ली आला. मार्चमध्ये रेमों मरण पावला होता. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने निजामाने कंपनीच्या सहा हजार शिपायांचा खर्च, वर्षाला चोवीस लाखांवर रुपये, उचलला आणि फ्रेंचांना काढून टाकायचं कबूल केलं. ऑक्टोबरात कंपनीचा हैदराबादेतला वकील जेम्स कर्कपॅट्रिक याच्या डोळ्यांदेखत रेमोंच्या पलटणींनी हत्यारं खाली ठेवली. खर्ड्याच्या रणात जे संरक्षण मागूनही मिळालं नव्हतं, ते आता निजामाला त्याच्या स्वातंत्र्याच्या मोबदल्यात मिळालं. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहात ते पुरतं लिहून घेतलं गेलं: फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरकडून मिळालेले कडप्पा, बल्लारीकडचे जिल्हे कंपनीला, आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणं नाही. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला दुसऱ्या बाजीरावाने असाच तह केला. खर्ड्यावर एकमेकांसमोर उभे राहिलेले दोघेही सात-आठ वर्षांत अशा जागी आले की युद्ध, शांतता किंवा तटस्थता यांतलं काहीही निवडणं त्यांच्या हाती उरलं नाही.

पेशवाई १८१८ ला संपली. इंग्रजी अमलात खर्डा नगर जिल्ह्यात गेलं. बीड, पाटोदा, नेकनूर हा भाग निजामाकडे राहिला तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणजे १८०० चा तो तह या गावांच्या डोक्यावर जवळजवळ दीडशे वर्षं होता. त्याचा अर्थ १९१४ साली दिसला. युरोपात पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा ४ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन याने अमेरिकेची तटस्थता जाहीर केली आणि ती एप्रिल १९१७ पर्यंत टिकवली. हैदराबादला असं काही जाहीर करण्याची सोयच नव्हती. तुर्कस्तान इंग्रजांविरुद्ध उतरल्यावर निजाम मीर उस्मान अली खान याने मुसलमान प्रजेला इंग्रज सरकारशी निष्ठावंत राहण्याचं आवाहन केलं, पैसा दिला, आणि हैदराबादचे भालेकरी घोडेस्वार इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या मोहिमांवर गेले. युद्ध संपता संपता इंग्रजांनी त्याला आपला विश्वासू दोस्त हा किताब दिला.